काळ्या लोकरीचा दोरा

अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि आधी हसूच आलं. तुम्ही होता तेव्हा आपल्यात कधी पत्रं झाली नाहीत. लग्न होऊन मी नांदेडला आले त्या वर्षी तुमचं एक कार्ड आलं होतं. त्यात कुणाच्या तरी म्हशीची पोटफुगी कशी उतरली हे सविस्तर होतं, आणि खाली, जागा संपत आली तशा बारीक अक्षरात, "बाकी ठीक. जेवत जा." ते कार्ड मी जपून ठेवलं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. या वीस वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण मी काही कागद घेऊन बसले नाही. आज बसले याला कारण एक छापील फॉर्म आहे. तो समोर टेबलावर पडलाय. सगळा भरून झालाय, एक रकाना तेवढा कोरा आहे. उद्या तो नेऊन द्यायचाय, नाहीतर कुत्री परत करावी लागेल.

हो, कुत्री. तुमच्या लेकीनं पन्नाशी उलटल्यावर कुत्री आणली आहे. विष्णुपुरीला आमच्या कॉलेजच्या पुढे एक जुनं गोदाम आहे, तिथे रस्त्यावर जखमी सापडलेली, कुणी टाकून दिलेली जनावरं ठेवतात. एक तरुण मुलगी ते सांभाळते. ग्रंथालयातली जुनी वर्तमानपत्रं तिला जनावरांखाली अंथरायला लागतात, म्हणून मी गठ्ठे घेऊन गेले होते. बाकीची कुत्री अंगावर उड्या मारत होती आणि ही पाण्याच्या ड्रममागे भिंतीला चिकटून बसलेली. वर्षभराची असेल. धनगरी जात, अंगावर राखाडी-काळे राठ केस, कान अर्ध्यातून पडलेले. आपण बघत नसलो की बघायची, बघितलं की भिंतीकडे तोंड. मुलगी म्हणाली, "काकू, ती न्हाई येणार. तीन महिने झाले, कुणाच्याच हाताला येऊन नाही राहिली. हायवेला सापडली. मेंढ्यांच्या ट्रकमधून पडली असंल. आता मेंढ्या बी ट्रकनंच जाऊन राहिल्या ना." मी गठ्ठे ठेवले, निघाले, गेटपर्यंत गेले आणि परत फिरले. का फिरले ते तुम्हाला पुढे कळेलच.

पंधरा दिवस घरी ठेवून बघायचं, जमलं तर फॉर्म पक्का करायचा, असा तिथला नियम. पहिले सहा दिवस आमच्या घरी कुत्री आली आहे हे शेजाऱ्यांना पटेना. ती खाटेखाली शिरली ती तिथेच. भाकरी, दूध, अंडं, सगळं ताटलीत ठेवून आपण दुसऱ्या खोलीत गेलं की मग खायची. तुमचे जावई रिटायर झाल्यापासून त्याच खाटेवर पेपर वाचतात. ते म्हणाले, "कुत्री आणलीस का सासू? खालून नुसती नजर ठेवून राहिली माझ्यावर." अहमदपूरचा माणूस, थट्टेशिवाय घास उतरत नाही. सातव्या दिवशी मात्र एक गंमत झाली. हे बाहेर पायरीवर, मी स्वयंपाकघरात, आणि ती खाटेखालून निघाली. पायरीवर जाऊन यांच्याभोवती अर्धा फेरा मारला, मग माझ्याकडे येऊन अर्धा फेरा, पुन्हा त्यांच्याकडे. कुंईकुंई करत चालूच. मला पटकन कळलं. मी हातातलं पीठ तसंच ठेवून पायरीवर जाऊन बसले, आणि ती दोघांपासून चार हातांवर धपकन पडून झोपली. आम्ही दोघं एका जागी गोळा झाल्याशिवाय तिला चैन पडत नव्हती. हे म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं झाली, आपल्याला असं कुणी एकत्र बसवलं नव्हतं." मी हसले आणि मग आत जाऊन रडले. असं आपल्या घरात मी एकदा पाहिलं होतं, अण्णा. तुम्ही, माय आणि मी, तिघांनाही एकाच सावलीत बसवायला आपल्याकडचा तो कुत्रा असाच फेरे मारायचा.

आता तो रकाना. "याआधी कुत्रा पाळला होता का? असल्यास त्याचे काय झाले?" मुलीला विचारलं, हे कशाला गं? ती म्हणाली, "लोक हौसेनं नेतात आन् सोडून देतात काकू. म्हणून ईचारतो." मी पहिल्या प्रश्नापुढे "होय" लिहिलं. दुसऱ्यापुढे "मेला" लिहायचं, झालं. खोटंही नव्हतं. चांगला अकरा वर्षं जगून, म्हातारा होऊन मेला. पण पेन टेकवलं आणि पुढे सरकेना. हा शब्द याच कुत्र्याबद्दल मी एकदा वापरलेला आहे, तो जिवंत असताना. ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. जिल्हा नवा झाला होता. शाळेत आम्हाला एकेक पेढा मिळाला आणि गुरुजींनी फळ्यावरचा जुना जिल्हा पुसून नवा लिहिला. दवाखान्याच्या पाटीवर पेंटरनं पांढरा पट्टा मारून त्यावर "जि. लातूर" काढलं. पांढरा रंग पातळ होता, खालचं उस्मानाबाद बरेच दिवस दिसत राहिलं. आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. माणसं म्हणायची, जिल्हा आला आन् पाणी गेलं. औशाच्या रस्त्याला लागून आपला तो जनावरांचा दवाखाना, मागे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे जनावरांसाठी बांधलेला हौद. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे, बाकी सगळं तुम्ही. तुमच्या नोकरीचं नाव कागदोपत्री "व्रणोपचारक" होतं, ते साऱ्या गावात कुणालाच म्हणता यायचं नाही. लोक म्हणायचे डाक्टरसाब. तुम्ही म्हणायचात, "डाक्टर न्हाई, पट्टीवाला हाय." बैलाच्या खांद्याला तुमचा हात चालायचा, गाईच्या पोटात कोपरापर्यंत तुमचा हात चालायचा. पाणी प्यायला मात्र ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या घरी जायची. तुम्ही कधी त्यावर एक शब्द बोलला नाहीत. आपल्या दारातला रांजण माय रोज धुवायची, त्यावर घासलेला तांब्या पालथा घालायची, आणि तो तांब्या दिवसभर तसाच असायचा.

संक्रांत होऊन गेली होती. सोलापूरकडचा एक धनगर कळप घेऊन गोदावरीच्या बाजूला निघालेला. लाल पटका, हाताची दोन बोटं अर्धी, खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीत गुंडाळलेलं कुत्र्याचं पोर. जीपचं चाक मागच्या पायावरून गेलं होतं. तुम्ही बांबूच्या कांब्या काढल्यात, वाकड्या टोकाच्या कात्रीनं पट्टी कापलीत, पाय बांधलात. तोवर मेंढरं हौदावर पाणी पीत होती. टँकरचं मोजकं पाणी, डॉक्टरांनी बाहेरच्या जनावरांना पाजायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही मान फिरवून पट्टी बांधत बसलात. मग तो धनगर आपल्या रांजणाकडे वळला. तुमचे हात थांबले. तुम्ही म्हणालात, "पावणं, पाणी पायजे तर पलीकडच्या घरी मिळंल. हे घर आमचं हाय." एवढंच म्हणालात. एवढ्यानं सगळं कळायचं. तो म्हणाला, "मेंढरास्नी पाजलं की तुमी. म्या काय मेंढरापरीस शाना हाय व्हय?" आणि स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून, मान वर करून, घटाघटा प्याला. माय दारात उभी होती. तिनं नंतर तो तांब्या घासलाच नाही, तसाच परत पालथा घातला.

जाताना तो म्हणाला, "मेंढरं थांबत न्हाईत, आन् ह्याला चालता यायचं न्हाई. मिरगाला माघारी येतो, तवा नेतो. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." कुत्र्याच्या गळ्यात काळ्या लोकरीचा वळलेला दोरा होता, सात गाठींचा. त्यानं सांगितलं, त्यांच्यात कळपाच्या प्रत्येक कुत्र्याला तो बांधतात. "जगलं तर दोरा ऱ्हाऊ द्या. दगावलं तर गाठी सोडून दोरा जपून ठेवा. कापायचा न्हाई. आमी तो तळावरच्या बाभळीला बांधतो." तुम्ही म्हणालात, "अमानत हाय. तुम्ही येईपर्यंत जिवाच्या पल्याड जपतो." त्या दिवशी जेवताना तुम्ही मायला दोनदा तीच गोष्ट सांगितलीत. ती समोर उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं, तरी सांगितलीत. कुणीतरी आपली वस्तू आपल्या घरात ठेवून गेला होता. तुम्हाला तेवढं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही.

पोर पंधरा दिवसांत उठलं, महिन्याभरात लंगडत पळायला लागलं. शेजारच्या शेळ्या हाकायचं, कोंबड्या हाकायचं, आम्ही पोरं शाळेतून वेगवेगळ्या वाटांनी आलो तर आम्हाला हाकून एका वाटेला लावायचं. मी दहा वर्षांची. मला भावंड नाही. मी त्याला एक नाव ठेवलं, पाटीवर लिहिलं आणि पाटी त्याच्यापुढे धरून त्याला ते शिकवत बसले. तुम्ही मागे कधी येऊन उभे राहिलात कळलं नाही. रागावलात की तुमचा आवाज बारीक व्हायचा. म्हणालात, "दुसऱ्याच्या वस्तूला आपलं नाव द्यायचं न्हाई, बाय. त्यानं भरवशानं ठेवलंय. ते त्याचं हाय, तो नेणार हाय. आत्तापासून मनाला सांग." ती पाटी तुम्ही तुमच्या सदऱ्याच्या बाहीनं पुसलीत. माझ्या मनाला मी काय सांगणार होते? मी रोज सकाळी उठून आधी आभाळ बघायची. साऱ्या मुलखाची माणसं पावसासाठी आभाळ बघत होती, आणि मी मृग येऊ नये म्हणून.

मृग आला. ढग आले नाहीत, पण मृग आला. जिल्हा परिषद नवी झालेली, उस्मानाबादेहून ट्रकांनी दप्तरं येत होती, आणि जनावरांच्या मोजणीची रजिस्टरं लावायला म्हणून तुम्हाला चार दिवस लातूरला बोलावलं. निघताना सायकलवर टांग टाकून म्हणालात, "पावणा आला तर बसवून घ्या. चहा करा. म्हणावं, मी येईपर्यंत जाऊ नका." माय तलावाच्या कामावर गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायरीवर चिंचोके खेळत होते आणि रस्त्याच्या टोकाला लाल पटका दिसला. एकटाच होता. कळप पलीकडे माळावर थांबवला असेल. मी काही विचार केला नाही, अण्णा, हे खरं सांगते. उठले, कुत्र्याला मानेला धरून आतल्या खोलीत ओढलं, कडी घातली आणि तुमचा रेडिओ मोठ्यानं लावला.

तो आला. पायरीवर बसला, पटका काढून तोंड पुसलं. म्हणाला, "बाप कुठं हाय गं?" मी म्हटलं, लातूरला. "आन् आमचं कुत्रं?" मी म्हटलं, मेलं. त्यानं पटका परत डोक्याला गुंडाळला. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालला होता, खताविषयी कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. तो म्हणाला, "बरं. दोरा दे मग त्याचा." मी दोरा विसरलेच होते. आत गेले. कुत्रा दाराला नाक लावून थरथरत होता, त्याला वास लागला होता. मी त्याच्या गळ्यातल्या गाठी सोडायला गेले, बोटांना सुटेनात. लोकर घामानं, धुळीनं घट्ट बसली होती. रेडिओत बोलणं संपत आलं होतं. समोर खिळ्याला तुमची कात्री होती. मी दोरा कापला आणि तो नेऊन त्याच्या हातात दिला.

त्यानं दोरा तळहातावर घेतला. कापलेली दोन टोकं पाहिली. नाकाशी नेला. मग आतल्या दाराकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. मला ती नजर अजून तशीच दिसते. रागाची असती तर बरं झालं असतं. तो उठला, रांजणातून तांब्याभर पाणी प्याला, तांब्या पालथा घातला. जाताना तुमच्यासाठी एक निरोप सांगितला. तो मी खाली लिहिते, आत्ता हात जात नाही. तो वळणापलीकडे गेल्यावर मी कडी काढली. कुत्रा धावत पायरीवर आला, तो बसला होता ती जागा हुंगली आणि तिथेच पडला. दोन दिवस त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा सायकल लावायच्या आधी विचारलंत, पावणा आला होता का? मी म्हटलं, न्हाई. गळा मोकळा दिसला तेव्हा विचारलंत, दोरा? मी म्हटलं, तुटून पडला कुठंतरी. हौदाभोवती, उकिरड्यात, कुंपणाच्या काट्यांत तीन दिवस शोधत राहिलात. पुढे महिनाभर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक कळपाला आडवे गेलात. लाल पटका, सोलापूरकडचा, हाताची दोन बोटं अर्धी, पाहिला का कुणी? मला वाटायचं, विसरतील. मोठी माणसं कामात विसरतात, अशी माझी समजूत होती.

आणि मग ती संध्याकाळ. माय भाकरी थापत होती, तुम्ही चुलीपुढे बसला होता, मी बाहेर भिंतीला टेकून होते. तुम्ही मायला म्हणालात, "कुणीतरी सांगितलं असंल त्याला." माय म्हणाली, काय? तुम्ही म्हणालात, "तवा तहानेला होता म्हणून प्याला. पुढं कळपात गेल्यावर कुणी बोललं असंल, कुणाच्या घरचं प्यालास म्हणून. कुत्रं सोडलं, पर पुन्हा दारात न्हाई आला." माय म्हणाली, "आवं, तसा न्हवता तो." तुम्ही म्हणालात, "तसा कोन असतोय? मलाच लई हुरूप आला होता." तुमचा आवाज बारीक नव्हता. अगदी साधा होता, पाटी वाचून दाखवावी तसा. मी तेव्हाच आत येऊन सांगायला हवं होतं. दोन पावलांवर दार होतं. मला मार बसेल म्हणून घाबरले असं नाही, तुम्ही कधी हात उगारला नाहीत. तुम्ही माझ्याकडे त्या धनगरासारखं बघाल याला घाबरले. दहा वर्षांच्या पोरीचं ते भय मी पुढे चाळीस वर्षं पोसलं, त्याला मात्र काही माफी नाही.

दिवाळीनंतर तुमची लातूरला बदली झाली आणि आपण ते घर सोडलं. कुत्रा आपल्याबरोबर आला. भाड्याच्या खोलीत तो मालकाच्या नातवंडांना हाकत राहिला. तुम्ही त्याला अखेरपर्यंत नाव ठेवलं नाहीत, "ए बाबा" म्हणून हाक मारायचात, आणि थंडी सुरू झाली की एकदा तरी म्हणायचात, "अमानत आपल्याकडंच राहून गेली." तो गेला तेव्हा तुम्ही त्याला मागच्या निंबाखाली पुरलंत आणि हात धुता धुता म्हणालात, "दोरा बी जपता आला न्हाई आपल्याच्यानं." मी तेव्हा कॉलेजात होते, वादविवाद स्पर्धा जिंकत होते, समतेवर बोलत होते. टाळ्या घेऊन घरी यायचे आणि तुमच्यासमोर तोंड उघडत नव्हते.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा ती कात्री मला दिलीत. "सरकारी हाय, पर निकामी म्हणून लिहून टाकलेली. तुला लहानपणी आवडायची." माझ्या हातात ठेवलीत आणि मी ती घेतली. ट्रंकेच्या तळाशी, कार्डाशेजारी, इतकी वर्षं पडून होती. शेवटच्या आजारात, लातूरच्या दवाखान्यात, एका सकाळी तुम्ही मला ओळखत होता की नाही कळेना, आणि विचारलंत, "मेंढरं गेली का गं रस्त्यानं?" मी म्हटलं, अजून न्हाई अण्णा. तुम्ही म्हणालात, "मग बसू जरा." तेव्हाही सांगता आलं असतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. नर्स सलाईन बदलायला आली आणि मी बाजूला झाले.

परवा ती कात्री काढली. कुत्रीच्या गळ्याखाली केसांची गाठ झाली होती, गोखरू अडकलेले, खाजवून कातडी लाल झालेली. पायरीवर बसले, कात्री शेजारी ठेवली, आणि तुम्ही बुजऱ्या वासरापुढे बसायचात तशी दुसरीकडे बघत बसून राहिले. अर्धा तास गेला असेल. ती आली, माझ्या गुडघ्याला पाठ लावून बसली, तोंड रस्त्याकडे. मी एकेक गोखरू कापून काढला. तिचं अंग थरथरत होतं. पण उठली नाही. हे दारातून बघत होते. म्हणाले, "आता तरी नाव ठेव बाई हिला. सासू किती दिवस म्हणायचं?" मी म्हटलं, नाव नको. हे म्हणाले, "का?" आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा यांनी थट्टा केली नाही. फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "मग फॉर्मवर लिही की."

म्हणून आत्ता, इथवर लिहून झाल्यावर, फॉर्म पुढे ओढला. कोरा रकाना कोरा राहिला नाही. लिहिलं, "कुत्रा दुसऱ्याचा होता. मालक न्यायला आला तेव्हा मी तो मेला असे खोटे सांगितले आणि ठेवून घेतला. तो अकरा वर्षे जगला." आणि त्याखाली, जागा नव्हती तरी, तुमच्यासारखं बारीक अक्षर काढून, "या कुत्रीचा मालक कधी विचारत आला तर माझा पत्ता द्यावा. तोवर माझ्याकडे अमानत." हे वाचून ती मुलगी कुत्री मला देईल की नाही, माहीत नाही. देऊ नये असं तिला वाटलं तर मी भांडणार नाही. दिली, आणि उद्या खरंच कुणी पटकेवाला दारात उभा राहिला, तर पुन्हा आतल्या कडीकडे हात जाईल की काय, ही भीती आहे. कारण आता ती माझ्या हाताला आली आहे. आत्ता लिहितानाही पायाशी आहे, आणि हे आतल्या खोलीत गेले म्हणून सारखी उठून त्यांना बोलवायला जाते.

हा कागद तुमच्या कार्डाबरोबर ट्रंकेत जाईल, कात्रीच्या शेजारी. दुसरं कुठे टाकणार? पण निरोप राहिला आहे. तो धनगर वळणाकडे दोन पावलं गेला, थांबला आणि म्हणाला, "बापाला सांग, त्याच्या हाताला गुण हाय. पुढल्या सालीबी मी हितंच उतरणार, आन् पाणी तुमच्याच रांजणाचं पिणार. त्याला म्हणावं, मला भेटायचंच हाय." पुढल्या साली आपण लातुरात होतो. तो आला असेल, त्या घराला कुलूप बघून परत गेला असेल. एवढाच निरोप होता. लहान होते, म्हणून राहून गेला असेल, असं तुम्ही नेहमीसारखं माझ्या बाजूनं म्हणाल, म्हणून सांगते. मी तो विसरले नव्हते, अण्णा. एक दिवससुद्धा नाही.